अर्ध्या सेकंदाची शंका



२०२४ सालचा मार्च महिना सरत आला होता. सॅन फ्रान्सिस्को येथे राहणारे अँड्रेस फ्रॉइंड हे अभियंते संगणकावर काही मोजमापे घेण्यात गढून गेले होते. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम मात्र ‘पोस्टग्रेस’ या मुक्त स्रोत डेटाबेसच्या विकासाचे. अशी सूक्ष्म मोजमापे घ्यायची तर संगणक अगदी शांत लागतो. तानपुरा जुळवताना शेजारच्या खोलीतला पंखाही बंद करावा लागतो, तसाच हा प्रकार. नेमके त्याच वेळी त्यांना आढळले, की संगणकाच्या प्रवेशद्वारावर बसलेला ‘एसएसएच’ नावाचा पहारेकरी काहीसा दमल्यासारखा वागत आहे. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाचे दार अनोळखी लोक अहोरात्र ठोठावत असतात. नाव चुकीचे निघाले की पहारेकरी नकार देतो आणि प्रसंग तिथेच संपतो. पण आता या नकारालाच वेळ लागत होता. पूर्वी ०.३ सेकंदात उरकणाऱ्या कामाला ०.८ सेकंद लागत होते.

अर्धा सेकंद! इतक्या अल्प विलंबाची दखल कोण घेतो? बहुतेकांनी ‘यंत्र आज मंद चालले आहे’ असे म्हणून चहा मागवला असता. फ्रॉइंड यांनी तसे केले नाही. काही आठवड्यांपूर्वी, संगणकातील पॅकेजे अद्ययावत केल्यानंतर, ‘व्हॅलग्राइंड’ या तपासणीच्या साधनाने एक चमत्कारिक तक्रार केली होती, तिची त्यांना आठवण झाली. दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या, धागा धरून ते मागे मागे गेले आणि २९ मार्च रोजी त्यांनी जगाला जाहीर केले, की ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लहानशा सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्या हाती असेल, त्याला त्या दरवाजाने कोणत्याही परवान्याविना संगणकात शिरून हवी ती आज्ञा देता आली असती.

हा चोरदरवाजा आला कोठून, तो किती दूरवर पोहोचला आणि कोठे अडला, हे समजून घ्यायचे असेल तर सॉफ्टवेअर लेखकाच्या टेबलावरून आपल्या घरच्या संगणकापर्यंत कसे येते, त्याची वाट पाहावी लागेल. या वाटेची चर्चा फारशी होत नाही. लेखकाचे कौतुक होते, वापरणाऱ्याच्या सोयीचे कौतुक होते. मधल्या हमालाचे, निवडणाऱ्या-पाखडणाऱ्याचे कौतुक कोण करणार?

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ पाठ कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. त्याचा लेखक रोज काही ना काही लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. प्रत्येक बदलाची नोंद सर्वांना दिसेल अशा एका खतावणीत होत जाते. मग एखाद्या दिवशी तो ठरवतो, की आता हे लोकांच्या हाती द्यावयास हरकत नाही. त्या दिवसाचा पाठ गोठवला जातो, त्याला क्रमांक दिला जातो, सर्व फायली एका गाठोड्यात बांधल्या जातात, गाठोड्यावर लेखकाची डिजिटल सही होते. ही झाली आवृत्ती. परंतु अशी हजारो गाठोडी हजारो ठिकाणी पडलेली. कोणते कोणावाचून चालत नाही, कोणाचे कोणाशी जमत नाही, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? म्हणून ‘वितरण’ नावाची संस्था उभी राहिली. वितरणाचे कार्यकर्ते मूळ गाठोडे उचलतात, उघडतात, त्यातून प्रत्यक्ष चालणारा कार्यक्रम तयार करतात, त्याला कोणत्या गोष्टींची गरज आहे याची यादी जोडतात आणि सर्वांशी जुळेल असे पॅकेज सिद्ध करतात. खळ्यावरचे धान्य स्वयंपाकघरात येण्यापूर्वी त्यातले खडे वेचणारा हात जसा मध्ये असतो, तसे हे हात.

या वितरणांमध्ये ‘डेबियन’चे स्थान ज्येष्ठ आहे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयान मर्डॉक यांनी त्याची घोषणा केली. डेब्रा हे त्यांच्या भावी पत्नीचे नाव आणि इयान हे स्वतःचे. दोन्ही मिळून डेबियन. संस्थेच्या नावात संसाराची अशी नोंद करणारा संस्थापक विरळाच! १९९७ मध्ये या मंडळींनी समाजाशी एक करार लेखी स्वरूपात मान्य केला. आपले दोष लपवून ठेवायचे नाहीत, त्यांची नोंदवही सर्वांसाठी उघडी ठेवायची, हे त्यातले एक कलम. कंपनी नाही, भागधारक नाहीत. जगभर विखुरलेले सुमारे हजार स्वयंसेवक आणि त्यांनी आपसांत निवडून दिलेला प्रमुख. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे होती. १९९६ च्या जूनमधील १.१ या आवृत्तीत ती ४७४ होती.

आरंभीची आवृत्ती १.१ कशी, १.० कोठे गेली, असा प्रश्न चाणाक्ष श्रोत्यांच्या मनात आला असेल. तिची कथा बोधप्रद आहे. १९९५ च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, चालू कामातली प्रत उचलली आणि ‘डेबियन १.०’ असा शिक्का मारून विकली. ती नीट चालेना. तेव्हा कार्यकर्त्यांनी तो क्रमांकच सोडून दिला आणि खरी आवृत्ती १.१ म्हणून काढली. शिजत असलेले अन्न आणि वाढलेले पान यांत भेद असतो, आणि तो भेद कोणी करायचा हे ठरलेले असावे लागते, हे डेबियनला अगदी बाळपणीच कळले.

म्हणून त्यांनी पायऱ्या केल्या. नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ विभागात येते. तेथे काही दिवस त्याने काढायचे. साधारणपणे दोन, पाच किंवा दहा दिवस, कामाची निकड पाहून. या मुदतीत गंभीर दोष आढळला नाही, निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर ते नीट तयार झाले, आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाचे बिघडले नाही, तर ते ‘चाचणी’ विभागात सरकते. मग सुमारे दोन वर्षांतून एकदा चाचणी विभाग टप्प्याटप्प्याने गोठवला जातो. प्रथम मोठे बदल बंद, मग लहानही बंद, शेवटी केवळ दोषदुरुस्ती. जे पॅकेज दुरुस्त होत नाही ते कितीही लोकप्रिय असले तरी बाजूला काढण्याचा अधिकार आवृत्ती-मंडळाला असतो. यातून जे उरते ते ‘स्थिर’. प्रत्येक स्थिर आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील एका पात्राचे नाव मिळते, आणि कायमच्या अस्थिर विभागाचे नाव आहे ‘सिड’, म्हणजे त्याच चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा व्रात्य मुलगा. काम गंभीर असले तरी माणसे रूक्ष नाहीत, याचा हा पुरावा मानावा.

या संथपणाची चेष्टाही पुष्कळ झाली. जुलै २००२ मधील आवृत्तीनंतर पुढची यायला जून २००५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षे! दरम्यान, ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उभे राहिलेले ‘उबंटू’ दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढू लागले आणि तरुण मंडळी तिकडे वळली. त्या टीकेत तथ्य होतेच. तीन वर्षे जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालवताना लोकांचे हाल होत. आणि ‘तयार होईल तेव्हा देऊ’ हे वाक्य पुष्कळदा शिस्तीपेक्षा विस्कळीतपणाचेच पांघरूण असते. डेबियननेही तो धडा घेतला. पुढची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली आणि तेव्हापासून साधारण दोन वर्षांचा क्रम राखला गेला.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतीय भाषांना अनुकूल अशी ‘बॉस’ ही संगणकप्रणाली तयार केली, तिचा पाया डेबियनचाच. २०१५ मध्ये भारत सरकारने आपल्या कारभारात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. बँकेचा व्यवहार असो की रेल्वेचे तिकीट, इंटरनेटवरून होणाऱ्या कामामागे कोठे ना कोठे लिनक्सवर चालणारा सर्व्हर असण्याचा संभव फार मोठा. तेव्हा फिनलंडमधल्या एका घरात बांधलेल्या गाठोड्याची चिंता नागपूर-कोल्हापूरनेही करावी, अशीच ही रचना आहे.

फिनलंडचा उल्लेख सहेतुक आहे. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन. ते वर्षानुवर्षे सांभाळत होते लासे कॉलिन हे तेथील गृहस्थ, विनावेतन, फावल्या वेळात, आणि जवळजवळ एकटेच. २०२१ च्या अखेरीस जिया टॅन या नावाने कोणीतरी लहानसहान दुरुस्त्या पाठवू लागला. दुरुस्त्या चांगल्या असत. २०२२ मध्ये दुसऱ्याच काही अपरिचित नावांनी कॉलिन यांच्याकडे तगादा सुरू झाला: कामाला उशीर का होतो, प्रकल्प दुसऱ्याच्या हाती का देत नाही? आपल्या वैयक्तिक अडचणी आहेत आणि हे काम हौसेचे आहे, असे कॉलिन यांनी नम्रपणे कळवले. तगादा थांबला नाही. शेवटी थकलेल्या माणसाने, मदतीला तत्पर उभ्या असलेल्या त्या गुणी साहाय्यकाला अधिकार दिले. मार्च २०२३ पासून आवृत्त्यांची गाठोडी जिया टॅनच्या सहीने निघू लागली. त्या तगादा लावणाऱ्या नावांचा पुढे मागमूस राहिला नाही. ती माणसे मुळात होती की एकाच कारस्थानाची अनेक सोंगे होती? जिया टॅन तरी एक व्यक्ती होती की एखाद्या सत्तेचे पथक? त्याचा छडा लागलेला नाही.

आता कारागिरी पाहा. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० आणि ९ मार्च रोजी ५.६.१ ही आवृत्ती निघाली. विषारी भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटतील अशा दोन फायलींत लपवला होता. त्या खतावणीत सर्वांसमोर होत्या. पण चाचणीची बिघडकी फाईल उघडून कोण वाचतो? ती जागी करणारी आज्ञा मात्र खतावणीत नव्हतीच. ती केवळ गाठोड्यात होती. मुक्त स्रोताचा मोठा आधार असा, की पाठ सर्वांसमोर उघडा असतो. येथे वाचणारे उघडी खतावणी वाचत होते आणि वितरणे बांधलेले गाठोडे उचलत होती. दोन्ही एकच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. शिवाय ती आज्ञा आधी पाहून घेई, की आपल्याला डेबियनचे किंवा रेड हॅट परंपरेचे पॅकेज तयार करण्यासाठी वापरले जात आहे काय. तसे असेल तरच ती हालचाल करी. एखाद्या जिज्ञासूने घरी सहज तयार करून पाहिले तर गप्प बसे. पॅकेज करणारा हाच या चोराचा वाहक होता, नव्हे, तो चोराने निवडलेलाच वाहक होता.

त्यात वितरणांचाही वाटा होता, हे नमूद केले पाहिजे. ‘एसएसएच’चा हा पहारेकरी मुळात एक्सझेडला ओळखतही नाही. डेबियन व अन्य काही वितरणांनी आपल्या सोयीसाठी, ‘सिस्टिम-डी’ या व्यवस्थेशी त्याचे बोलणे व्हावे म्हणून, त्यात स्वतःची जोड घातली होती. त्या जोडीबरोबर एक ग्रंथसंग्रह आला, आणि त्याच्याबरोबर एक्सझेड आले. पाहुण्याचा पाहुणा घरात शिरावा तसे. जेथे ही जोड नव्हती तेथे हा दरवाजा उघडत नव्हता.

वितरणाने केलेली जोड किंवा काटछाट अंगाशी येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. २००६ मध्ये डेबियनच्या एका कार्यकर्त्याने ‘ओपन-एसएसएल’ या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील दोन ओळी निष्क्रिय केल्या. कारण काय? तर व्हॅलग्राइंडसारखी साधने त्या ओळींबद्दल तक्रार करीत होती. त्याने मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारलेही होते. प्रश्नोत्तरांत गफलत झाली. तक्रार थांबली, पण त्याबरोबर गुप्त किल्ल्यांमधील यदृच्छाही जवळजवळ नाहीशी झाली. अगणित शक्यतांतून निवडली जावी अशी किल्ली अवघ्या ३२,७६८ शक्यतांमध्ये सापडू लागली. लुसियानो बेल्लो यांना हे आढळले आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले, तोवर दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता, आणि हा दोष एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तीतूनही पार पडला होता. जगभरच्या व्यवस्थापकांना किल्ल्या नव्याने घडवाव्या लागल्या. तेव्हा पायऱ्या आणि मुदती यांनी सर्व काही साधते, असे डेबियनचा कट्टर अभिमानीही म्हणणार नाही. तेच साधन, तशीच तक्रार: २००६ मध्ये एका सद्हेतू माणसाने ती गप्प केली, २०२४ मध्ये दुसऱ्याने ती लक्षात ठेवली.

तरीही २०२४ मध्ये पायऱ्यांनी आपले काम केले. विषारी एक्सझेड डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी विभागांत शिरले होते; स्थिर विभागात पोहोचले नव्हते. जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या संथ, जुनाट म्हणून हिणवल्या गेलेल्या आवृत्त्यांवर चालतात, त्या निर्धोक राहिल्या. फेडोराची कच्ची प्रत, ओपनसुसेचे सतत बदलणारे वितरण, अशा ताज्याच्या हव्यासाने पुढे धावणाऱ्यांना झळ लागली. उबंटूने आपल्या २४.०४ या आवृत्तीची चाचणी-प्रत एक आठवडा पुढे ढकलली आणि त्यातील सारे कार्यक्रम पुन्हा नव्याने तयार केले.

डेबियनपुढे मात्र एक मजेदार अडचण उभी राहिली. पॅकेजचा क्रमांक नेहमी चढता असावा लागतो. संगणक मोठा क्रमांक दिसला तरच नवे पॅकेज घेतो. ५.६.१ काढून ५.४.५ वर परतायचे, पण मागे जायची वाट व्यवस्थेतच नाही! तेव्हा त्यांनी नव्या पॅकेजला क्रमांक दिला ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. म्हणजे, सांगायला ५.६.१, पण खरोखर ५.४.५. असे क्रमांक डेबियनमध्ये पूर्वीपासून रूढ आहेत. दोष लपवायचा नाही हे १९९७ चे कलम क्रमांकातसुद्धा पाळले गेले म्हणावयाचे!

ओळखीचा प्रश्न शिल्लक राहतोच. डेबियनमध्ये ज्याला पूर्ण अधिकार हवेत, त्याची डिजिटल किल्ली जुन्या सदस्याने, बहुधा प्रत्यक्ष भेटून आणि ओळखपत्र पाहून, प्रमाणित करावी अशी प्रथा आहे. अशा भेटी त्यांच्या वार्षिक संमेलनात होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ते संमेलन प्रथमच भारतात, कोची येथे भरले. केरळच्या पावसात जगभरचे कार्यकर्ते एकत्र येतात, एकमेकांची पारपत्रे न्याहाळतात, हे दृश्य आजच्या काळात कालबाह्य वाटेल. जिया टॅनला मात्र कोणी कधी पाहिले नव्हते. एक्सझेडसारख्या एकाकी प्रकल्पाला संमेलन कोठले आणि पारपत्र पाहणारा कोठला? आणि ज्या कंपन्यांचा डोलारा अशा प्रकल्पांवर उभा आहे, त्यांपैकी कोणी त्या थकलेल्या माणसाची तेव्हा चौकशी केली होती काय?

गाठोडे आणि खतावणी यांतील अंतर कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. एकाच मूळ पाठावरून निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या यंत्रांवर पॅकेज तयार करावे आणि ती अक्षरशः एकसारखी निघतात की नाही हे ताडून पाहावे, हे काम डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने सुरू आहे. गाठोडेच विषारी असेल तर एवढ्याने भागत नाही, हेही खरे. म्हणून गाठोड्याऐवजी थेट खतावणीतूनच पॅकेज करावे असा आग्रह त्या घटनेनंतर वाढला. त्यालाही माणसे लागतात, आणि माणसांना वेळ.

एक्सझेडचे पुढे काय झाले? चोरदरवाजा उघडकीस आला त्या वेळी लासे कॉलिन सुट्टीवर होते. परतल्यावर त्यांनी प्रकल्प पुन्हा हाती घेतला. जिया टॅनच्या नावावरील प्रत्येक बदल तपासायचा म्हणजे दोन-अडीच वर्षांची खतावणी ओळीओळीने वाचायची. ते काम त्यांनी केले. २९ मे २०२४ रोजी, बरोबर दोन महिन्यांनी, ५.६.२ ही आवृत्ती निघाली. तिच्यातून चोरदरवाजा काढलेला होता आणि गाठोड्यावर पुन्हा कॉलिन यांची सही होती.